शिसं तपासायच्या किटचा रिव्ह्यू आणि मामाचे दात

तर झालं असं की मागच्या महिन्यात रविवारी सकाळी मी आणि मामा कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसलो होतो आणि मामाच्या गळाला एक चिलापी लागली, पाऊण किलोची असंल, पण पाठीत बाक. शेपटीच्या अलीकडं दोन बोटांवर पाठ अशी वळलेली की ताटात ठेवली तर सपाट बसायची नाही. मामानं उलटीपालटी करून बघितली, "म्हातारी दिसतीया" म्हणाला आणि टाकली पिशवीत. घरी आणली तर बायकोनं पिशवीत डोकावून तिथंच सांगितलं, "अहो, असला वाकडा मासा मी करणार नाही, आधीच सांगते." कांदा-लसूण चटणी लावून तव्यावर टाकायचा बेत गेला, रात्री अंड्याची आमटी खाल्ली.

मामाची पोरगी प्राजू विद्यापीठात झूलॉजीत एमएस्सी करते, तिला फोटो पाठवला. तिचा मेसेज आला, दादा शिशामुळं पण पाठ अशी वाकते, शेपूट काळी पडलीय का बघ. बस्स, एवढं वाचलं आणि रात्री साडेअकराला मोबाईलवर शिसं तपासायचं किट ऑर्डर करून मी मोकळा. ६४९ रुपये, डिलिव्हरी फ्री. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको, आणि तसंही असली किटं दहा नावांनी विकायला आहेत, फोटो बघितले तर सगळी सख्खी भावंडं वाटतात.

डब्यावर तीन चित्रं. नळ, तान्हं बाळ आणि मासा. त्या माशानंच मला फसवलं. आत पाण्यात बुडवायच्या २० पट्ट्या, पृष्ठभागावर घासायचे ८ स्वॅब, एक बारकी बाटली, रंग जुळवायचं कार्ड आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरातला इंग्रजी कागद. कागद पूर्ण वाचला, भिंग घेऊन वाचला, त्यात माशाचा एका शब्दानं उल्लेख नाही. डब्यावर आहे, कागदावर नाही. एक स्टार इथंच गेला.

आधी पट्ट्या. वापरायला सोप्या आहेत, ते खोटं बोलणार नाही. पाण्यात बुडवायची, हलवायची, दोन मिनिटं थांबायचं आणि कार्डाला लावून बघायचं. कार्डावर ०, २०, ५०, १००, २००, ५०० असे टप्पे, सगळे पीपीबीमध्ये. मी घरचा नळ बघितला, बंधाऱ्याचं पाणी बघितलं, रंकाळ्याचं बघितलं, इराणी खणीचं पण बाटली भरून आणलं. चारी ठिकाणी शून्य. ट्यूबलाईटखाली बघितलं की वाटायचं जरा गुलाबी आहे का काय, उन्हात नेलं की परत पांढरी. बायको म्हणाली, "पाणी चांगलं आहे तर तोंड का पाडून बसलाय?" आता तिला कसं सांगू की ६४९ रुपये घातल्यावर माणसाला काहीतरी सापडावं असं वाटतंच.

मग शंका आली की पट्टीच बोगस असंल. म्हणून मामाच्या डब्यातलं एक शिसं घेतलं, गळाला लावतो ते वजन, आणि काचेच्या बाटलीत व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलं. त्यातले चार थेंब ग्लासभर पाण्यात टाकून पट्टी बुडवली तर गडद लाल, कार्डावरच्या शेवटच्या रंगाच्या पण पुढं. म्हणजे पट्टी बोगस नाही. (ते व्हिनेगर आता शुद्ध विष आहे, मोरीत ओतायचं धाडस होत नाही, बाटली चिकटपट्टी लावून नाव घालून माळ्यावर ठेवलीय, पोरीच्या हाताला लागणार नाही अशी. कुठं टाकायची हे त्या कागदावर पण नाही.)

पट्टी खरी आहे तर मग अडचण काय? अडचण त्या "०" आणि "२०" च्या मधल्या जागेत आहे, आणि हा सगळा रिव्ह्यू त्या जागेसाठीच लिहितोय. एक पीपीबी म्हणजे लिटरमागं एक मायक्रोग्रॅम. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याला मर्यादा आहे १० पीपीबी, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम, आयएस १०५०० हे मानक आहे २०१२ चं त्यात दिलंय. म्हणजे पाण्यात १५ असलं तर ते माणसाला प्यायला नापास, पण ही पट्टी आरामात शून्य दाखवणार. बरं हे झालं माणसाचं. माशाचं त्याच्याहून अवघड. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं नदीतल्या जीवांसाठी जी पातळी धरलीय ती लिटरमागं १०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्यात थोड्या वेळापुरती ६५ पीपीबी, आणि कायमची असंल तर फक्त २.५. अडीच! जे पाणी आपण बिनधास्त पिऊ त्यात मासा जन्मभर राहिला तर त्याला ते पुरेसं स्वच्छ नाही. मला हे आधी उलटं वाटायचं, मासा काय गटारीत पण जगतो अशी आपली समजूत. पण आपण पाणी पितो, मासा पाण्यातनं श्वास घेतो, दिवसरात्र कल्ल्यातनं तेच पाणी फिरतंय.

आणि पाण्याचा कठीणपणा का मोजायचा तर त्याच्यातच खरी गंमत आहे, प्राजूनं फोनवर अर्धा तास समजावलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. माशाच्या कल्ल्यात पाण्यातलं कॅल्शियम आत घ्यायला बारीक दारं असतात. शिसं त्या दारातनं कॅल्शियमच्या वेषात घुसतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं, म्हणजे पाणी कठीण असलं, की दारात गर्दी असते, शिशाला शिरायला जागा मिळत नाही, शिवाय बरंचसं शिसं कार्बोनेट होऊन खाली बसतं. पाणी मऊ असलं, त्यात जरा आंबट असलं, की दार सताड उघडं. तेवढंच शिसं, पण मऊ पाण्यात कितीतरी जास्त घातक. अमेरिकेत कोलोरॅडोत १९७० च्या दशकात ट्राऊट माशांवर प्रयोग झाले, मऊ पाण्यात दहा पीपीबीच्याही आत पिल्लांवर परिणाम दिसायला लागले होते. आता पावसाचं पाणी म्हणजे मऊच की, आणि आपल्याकडं पावसाळ्यात जे पाणी नदीला येतं ते काय विचारता, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे.

आत गेल्यावर काय करतं, तर पहिल्यांदा मिठाचा हिशोब बिघडवतं. गोड्या पाण्यातल्या माशाला अंगातलं मीठ टिकवायला सतत धडपड करायला लागते, कल्ल्यातला पंप चालू ठेवायला लागतो, शिसं तो पंपच ढिला करतं. मग रक्त. रक्तातला लाल रंग तयार व्हायला एक एन्झाइम लागतो, एएलएडी म्हणतात त्याला, शिसं त्यालाच धरतं, माशाला ॲनिमिया होतो. म्हणून शास्त्रज्ञ लोक माशाला शिसं बाधलंय का बघायला रक्तातला तो एन्झाइम तपासतात, पाण्याच्या पट्टीवर बसत नाहीत. मग मज्जातंतू. शेपटीकडचा भाग काळा पडतो, कारण रंगाच्या पेशींवरचा ताबा सुटतो, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे पाठ वाकणं. मासा मंद होतो, समोरचं भक्ष्य धरताना चुकतो. एकदम मोठा डोस बसला तर प्रकार वेगळा, कल्ल्यावरचा बुळबुळीत थर गोठतो आणि मासा पाण्यात राहून गुदमरतो.

हे वाचून कुणी लगेच उन्हाळ्यातल्या बातम्या जोडू नका. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो तो बहुतेक वेळा सांडपाण्यानं आणि मळीनं पाण्यातला ऑक्सिजन संपतो म्हणून, मासे आधी तोंड वर काढून हवा घ्यायला लागतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. शिसं असा खच पाडून जात नाही. ते हळू काम करतं, फोटो निघत नाही त्याचा.

आता आमची चिलापी. शेपूट काळी आहे का? चिलापी मुळातच काळपट, काय कपाळ कळणार. ती तीन दिवस फ्रीजरमध्ये, बायकोचा अल्टिमेटम आलेला. मी शेवटी डब्यावरच्या चित्राचा मान ठेवायचा म्हणून तिचं काळीज काढून मिक्सरमध्ये नको, खलबत्त्यात कुटलं, व्हिनेगर घातलं, गाळलं आणि पट्टी बुडवली. पट्टीचा रंग झाला चहासारखा. कार्डावर चहाचा रंगच नाही. खलबत्ता दोनदा राखेनं घासला तरी घरात आठवडाभर वास, त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग एका लॅबला फोन केला, तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, "मांस तपासायचं का कल्ला? का हाड?" मी म्हटलं मासा तपासायचा. तो हसला, पण नीट सांगितलं त्यानं. शिसं हाडात, खवल्यात, कल्ल्यात, लिव्हर-किडनीत साठतं, आपण खातो त्या मांसात त्या मानानं कमी. नियमातली ०.३ मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा माशाच्या खायच्या भागाची. म्हणजे मांस पास झालं तरी मासा ठणठणीत होता असा अर्थ निघत नाही, आणि कल्ल्यात जास्त निघालं तरी मांस नापास असंल असंही नाही. पारा आणि शिसं यांत आपण गल्लत करतो ते पण त्यानंच सांगितलं, मोठ्या शिकारी माशात वाढत वाढत जातो तो पारा, शिसं तसं साखळीनं चढत जात नाही. उलट गाळात तोंड घालून खाणारा मासा, मृगळ झाला, त्याच्या पोटात जास्त जायची शक्यता, कारण शिसं पाण्यात कमी आणि गाळात जास्त बसतं. तपासायला ॲसिडमध्ये विरघळवून मोठ्या मशीनवर घालायला लागतं. रेट ऐकला आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला. चिलापी दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या बुडात पुरली. वर प्राजूनं ऐकवलंच, पाठ वाकायला दहा कारणं असतात दादा, जन्मापासूनची असंल, पिल्लू असताना इजा झाली असंल, क जीवनसत्त्व कमी पडलं असंल, एका माशावरनं काही ठरत नाही. हे तिनं पहिल्या मेसेजमध्ये लिहिलं असतं तर माझे ६४९ वाचले असते.

पण थांबा, पैसे पूर्ण पाण्यात गेले नाहीत. स्वॅब. हा या डब्यातला खरा माल. सिगरेटएवढी कांडी असते, दोन ठिकाणी दाबून आतल्या कुप्या फोडायच्या, हलवायची, टोकाला पिवळसर पाणी आलं की संशयित वस्तूवर अर्धा मिनिट घासायची. शिसं असलं तर टोक लाल होतं. आठातला पहिला पोरीनं वाया घालवला, शिसपेन्सिलीच्या टोकावर घासून. काही नाही आलं, येणारच नव्हतं, शिसपेन्सिलीत ग्रॅफाईट असतं, नावातच काय ते शिसं. दुसरा मी वाया घालवला. घाटावरच्या मारुतीचा शेंदूर कागदावर थोडा आणला होता, कारण शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच ऑक्साईड, खरा असंल तर. पण शेंदरावर स्वॅब घासला तर टोक लाल झालं ते शिशानं का शेंदरानं हे ब्रह्मदेवाला पण सांगता यायचं नाही. लाल रंगाच्या वस्तूवर ही कांडी निकामी, हे पण कागदावर नाही.

जुन्या दरवाजाचा निघालेला पिवळा ऑइलपेंट मात्र लगेच लाल. घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) वर शिसं चालणार नाही हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासूनचा, आमचा दरवाजा आजोबांच्या काळातला. आणि मग मामाचा गळाचा डबा. हॉर्लिक्सची जुनी बरणी आहे, त्यात छर्रे, गोल वजनं, नळीसारखी वजनं, सगळ्यांवर पांढरी पूड बसलेली. ती पूड म्हणजे शिसं हवेत आणि ओलीत राहून झालेला सफेदाच. स्वॅब टेकवायचा अवकाश, रक्तासारखा. शिसं शिशाचं असतं ह्यात नवल काय, पण पुढं बघा. मामाच्या पिशवीच्या आतल्या कापडावर घासला, लाल. मामाच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर घासला, फिकट गुलाबी. आणि ही बरणी माझी पाच वर्षांची पोरगी खुळखुळा म्हणून वाजवत बसलेली असते, त्यातली वजनं ओळीनं फरशीवर मांडते, मग तीच बोटं तोंडात. पोरांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी गेला महिनाभर नदीत जे शोधत होतो ते माझ्या हॉलमध्ये होतं.

आणि मामाचे दात. छर्रा माहीत असंल, बारका शिशाचा मणी, अर्धा चिरलेला, दोरा चिरेत घालायचा आणि दाबून बंद करायचा. मामा तो दातानं दाबतो. मी बघितलं होतं हजारदा, कधी डोक्यात आलं नाही. सांगितलं तर म्हणतो, "आरं लेका, चाळीस वरसं दातानंच दाबतोय, काय झालंय मला?" वर सांगतो की तरुणपणी पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, लावायच्या गोळ्या घरीच ओतायचा, टायरवाल्याकडची जुनी वजनं आणि बॅटरीच्या प्लेटा लोखंडी पळीत चुलीवर वितळवून. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, चुलीला ते काहीच नाही, म्हणून तर धोका. एका पागाला दोन-तीन किलो शिसं सहज लागतं. आणि त्यातलं किती दगडात अडकून तुटून नदीत राहिलं असंल याचा हिशोब मामाकडं नाही, कुणाकडंच नाही. मी नुसतं गणित केलं, १० ग्रॅमचं एक वजन जर पूर्ण विरघळलं तर दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाणी १० पीपीबीवर जाईल. पूर्ण विरघळत नाही, वर तो सफेदा बसतो, वर्षानुवर्षं पडून राहतं, पण गाळात घासत राहतंच की. इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाच्या शिशावर बंदी आली, अर्ध्या ग्रॅमच्याही खालच्या छर्ऱ्यापासून साधारण २८ ग्रॅमपर्यंत, कारण तिथले राजहंस खडे समजून ती गिळायचे आणि मरायचे. आपल्याकडं लक्ष्मीपुरीत मूठभर मागितलं की कागदात बांधून देतात.

मग पर्याय शोधला. टंगस्टन मिळतं ऑनलाईन, शिशापेक्षा पण जड, पण किंमत बघून मामा म्हणाला एवढ्यात मटण येतंय. शेवटी उद्यमनगरातनं भंगारातले नट किलोवर आणले. कोल्हापुरात राहून लोखंड विकत आणायला परदेशी वेबसाईटवर जायचं म्हणजे जरा अतीच झालं. लोखंड शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाचा नट दीडपट मोठा दिसतो, पाण्यात जरा सावकाश बसतो, दगडात जास्त अडकतो आणि गंजतो. गंजू दे. मासा काय नट बघून लाजत नाही, पहिल्याच रविवारी दोन कटले लागले, पाठी सरळ.

तर किटला माझे पाचातले दोन स्टार. पाण्याच्या पट्टीसाठी शून्य द्यायला पाहिजे, कारण नळाचं किंवा नदीचं पाणी तपासायला हे घेत असाल तर "०" बघून खूष व्हाल आणि ते वीसच्या आत काहीही असू शकतं. मासा तपासायला तर अजिबात घेऊ नका, खलबत्त्याची शपथ. जुना रंग, खेळणी, गळाचं सामान बघायला फक्त स्वॅबचं वेगळं पाकीट मिळतं, ते घ्या. माझ्याकडं चौदा पट्ट्या उरल्यात, रंकाळा साईडला कुणी राहत असंल आणि फुकट हवी असतील तर घेऊन जा, सोबत माळ्यावरची बाटली पण नेली तर चहा पाजतो.

बारक्या छर्ऱ्याला अजून तोड सापडली नाही, तेवढं शिसंच चालू आहे. बरणी आता कपाटावर गेली, आणि मामाला साठ रुपयांची बारकी पक्कड आणून दिली, पिशवीला दोरीनं बांधूनच दिली. परवाच्या रविवारी मरळ उसळ्या मारायला लागली होती, घाई होती, हात ओले होते. बघतो तर पक्कड पिशवीला लोंबतीय आणि मामा छर्रा दातात धरून मला खुणावतोय, दोरा धर म्हणून.